फुकट, सगळ्यांना, कायमचं: शिकागोच्या क्रेरार ग्रंथालयाचं प्रकरण

१९८१ साली शिकागोतलं जॉन क्रेरार ग्रंथालय आणि शिकागो विद्यापीठ यांच्यात विलीनीकरणाचा करार झाला. ग्रंथालय राजी होतं, विद्यापीठही राजी होतं. कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं. तरीही न्यायालयाची मंजुरी घ्यावी लागली, कारण ज्या पैशावर हे ग्रंथालय उभं होतं तो ना संचालकांचा होता ना विद्यापीठाचा. ब्याण्णव वर्षांपूर्वी वारलेल्या एका अविवाहित व्यापाऱ्याने तो शिकागोच्या लोकांसाठी ठेवला होता, आणि कशासाठी ठेवला हे मृत्युपत्रात लिहूनही ठेवलं होतं. ते लिहिलेलं मोडतंय की पाळलं जातंय, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे होता.

विज्ञान-तंत्रज्ञानाची सार्वजनिक संशोधन ग्रंथालयं खासगी देणगीवर उभी राहिल्याची उदाहरणं जगात मोजकीच आहेत. त्यातलं क्रेरार हे सगळ्यात शिकण्यासारखं, कारण त्याचं आयुष्य सरळ गेलं नाही. आपल्याकडे वाचनालयांच्या कार्यकारिणीत बसणाऱ्या, एखाद्या ट्रस्टचा कारभार बघणाऱ्या मंडळींनी तर ते मुद्दाम तपासून बघावं.

मृत्युपत्र

जॉन क्रेरार १८२७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मले. आईवडील स्कॉटिश. १८६२ मध्ये ते शिकागोला आले आणि क्रेरार, अ‍ॅडम्स अँड कंपनी या पेढीतून रेल्वे कंपन्यांना लागणारं सामान विकू लागले. शिकागो तेव्हा साऱ्या देशाच्या रेल्वेचं जंक्शन होत होतं, त्यामुळे पैसा आला. रेल्वेचे आरामशीर पुलमन डबे बनवणाऱ्या कंपनीच्या संचालक मंडळावरही ते होते. लग्न केलं नाही, बंगला बांधला नाही, हॉटेलात राहिले आणि प्रेस्बिटेरियन चर्चचं काम केलं. १९ ऑक्टोबर १८८९ रोजी वारले.

मृत्युपत्रात नातेवाइकांना, चर्चला, संस्थांना बरंच काही होतं. अब्राहम लिंकन यांच्या भव्य पुतळ्यासाठी एक लाख डॉलर होते. ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी घडवलेला तो बसलेला लिंकन आजही ग्रँट पार्कमध्ये आहे. हे सगळं वाटून उरेल ते, म्हणजे सुमारे २५ लाख डॉलर, ‘मोफत सार्वजनिक ग्रंथालया’साठी. ग्रंथालयाला त्यांचं नाव द्यायचं, ते शिकागोतच असावं, शक्यतो शहराच्या दक्षिण भागात, कारण उत्तर भागात वॉल्टर न्यूबेरी यांच्या देणगीतून दुसरं ग्रंथालय होणारच होतं. इमारत नेटकी, भक्कम आणि आगीपासून सुरक्षित असावी. शिकागो १८७१ मध्ये जळालं होतं, त्यामुळे ही शेवटची अट तिथे कुणालाच जादा वाटली नसणार. आणि बांधकामाचा खर्च जाऊन ग्रंथालय सर्वकाळ चालेल एवढा निधी राखून ठेवावा.

पुस्तकं कोणती? याबद्दल एकच गोष्ट त्यांनी ठासून सांगितली, तीही नकारार्थी. त्यांचं म्हणणं साधारण असं: समाजात निरोगी नैतिक आणि ख्रिस्ती भावना वाढावी अशी पुस्तकं निवडा. फक्त स्तोत्रं आणि प्रवचनंच ठेवा असं माझं म्हणणं नाही. पण घाणेरड्या फ्रेंच कादंबऱ्या, नास्तिकपणाचा कचरा आणि शंकास्पद नीतीची पुस्तकं या ग्रंथालयात कधीही दिसता कामा नयेत.

विज्ञानाबद्दल मृत्युपत्रात चकार शब्द नाही. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

चुलतभाऊ आणि साडेसात वर्षं

एवढा पैसा पुस्तकांना जातोय म्हटल्यावर दूरचे नातेवाईक गप्प बसणं शक्यच नव्हतं. ग्रंथालयाचं कलम कायद्यात टिकत नाही, म्हणून ती रक्कम वारसांकडे यावी, असा दावा काही चुलत भावंडांनी लावला. प्रकरण इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १८९३ मध्ये न्यायालयाने देणगी वैध ठरवली. दरम्यान १८९१ मध्ये राज्याने अशा देणगीच्या ग्रंथालयांना स्वतंत्र महामंडळ म्हणून नोंदता यावं असा कायदा केला होता. त्याखाली ऑक्टोबर १८९४ मध्ये जॉन क्रेरार ग्रंथालयाची नोंदणी झाली. वाचकाला दार उघडलं ते १ एप्रिल १८९७ रोजी. देणगीदार जाऊन सात वर्षं उलटून गेली होती.

संचालक मंडळ खुद्द क्रेरार यांनीच नेमून ठेवलं होतं: दुकानदारीतले बडे मार्शल फील्ड, लिंकन यांचे चिरंजीव रॉबर्ट टॉड लिंकन, वकील नॉर्मन विल्यम्स आणि हंटिंग्टन जॅक्सन. त्यातच ई. डब्ल्यू. ब्लॅचफर्ड होते, आणि ते न्यूबेरी ग्रंथालयाच्याही विश्वस्तांपैकी. एकच माणूस दोन्ही टेबलांवर बसलेला. आजच्या ऑडिटरने भुवई उंचावली असती. इथे मात्र त्याचा फायदा झाला असं मला वाटतं, कारण पुढचा निर्णय शेजाऱ्याच्या घरात काय शिजतंय हे माहीत असल्याशिवाय घेताच आला नसता.

विषय कसा ठरला

१८९५ मध्ये शिकागोत ग्रंथालयांची उणीव नव्हती. सर्वसाधारण वाचकासाठी, घरी पुस्तक देणारं शहराचं सार्वजनिक ग्रंथालय होतं. इतिहास, साहित्य, वंशावळी यांसाठी न्यूबेरी होतं. विद्यापीठ १८९२ पासून चालू झालं होतं. चौथ्याने पुन्हा तेच ग्रंथ घेतले असते तर २५ लाख डॉलर दुबार खरेदीत गेले असते. संचालकांनी पाहणी करून ठरवलं की आपण विज्ञान घ्यायचं: शुद्ध, उपयोजित, आणि त्याच्या कडेने सामाजिक शास्त्रं. पुढे त्यात वैद्यक आलं.

देणगीदाराने ‘ग्रंथालय’ म्हटलं, विश्वस्तांनी ‘विज्ञान’ म्हटलं. यात त्यांनी अधिकार ओलांडला का? मला वाटतं, नाही. मृत्युपत्राने ‘कुणासाठी’ हे पक्कं बांधलं होतं आणि ‘कशाबद्दल’ हे मोकळं सोडलं होतं. एक गंमत अशी की विज्ञान निवडल्यावर फ्रेंच कादंबऱ्यांचं कलम आपोआप निकालात निघालं. बीजगणिताच्या पुस्तकात अश्लीलता शोधायला कोण जाणार? कोणती पुस्तकं घाणेरडी यावर दर महिन्याला बैठकीत वाद घालण्यापेक्षा हे किती सोयीचं. अर्थात ‘नास्तिकपणाचा कचरा’ हे शब्द डार्विनपर्यंत ताणता आले असते, पण कुणी ताणले नाहीत.

न्यूबेरीनेही हात आखडता घेतला नाही. त्यांचा वैद्यकाचा संग्रह १९०६ मध्ये क्रेरारकडे आला. त्यात शिकागोचे शल्यविशारद निकोलस सेन यांनी जमवलेली पुस्तकं होती, आणि त्यातच जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ द्यू ब्वा-रेमाँ यांचा ग्रंथसंग्रहही. ग्रंथालयांनी आपसात विषय वाटून घेऊन पुस्तकं खरोखर ट्रकात भरून शेजाऱ्याला देणं ही गोष्ट ठरावात सोपी, प्रत्यक्षात दुर्मीळ. आपल्याकडे एका गावात दोन वाचनालयं असली तर दोन्हीकडे त्याच कादंबऱ्या असतात, नि दोघांचेही संदर्भ विभाग सारखेच अर्धवट असतात.

चांगले दिवस

पहिले ग्रंथपाल क्लेमेंट अँड्र्यूज. ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून आले. तिथे रसायनशास्त्र शिकवत शिकवत ग्रंथपाल झालेला माणूस. संचालकांनी त्यांना लगेच इमारत दिली नाही. मार्शल फील्ड यांच्या दुकानाच्या इमारतीत, वॉबॅश अ‍ॅव्हेन्यूवर, सहावा मजला भाड्याने घेतला आणि मूळ निधीला वाढू दिलं. आपल्या कानाला हे खटकतं, कारण आपल्याकडे कोनशिला आधी, पुस्तकं मागाहून. पण या एका निर्णयामुळे अँड्र्यूज यांच्या हातात खरेदीला पैसा राहिला, आणि त्यांनी तो ओतला जुन्या नियतकालिकांचे पूर्ण संच जमवण्यात. विज्ञानाच्या ग्रंथालयाचा जीव पुस्तकात नसतो, नियतकालिकाच्या बांधीव खंडांत असतो. एखाद्या संचात १८७४ चा एक खंड नसला तर ज्या माणसाला तोच हवा असतो त्याच्या दृष्टीने संच असून नसल्यासारखा.

दुसरं काम तालिकेचं, म्हणजे पुस्तकांच्या कार्डसूचीचं. बहुतेक अमेरिकी ग्रंथालयांत लेखक, शीर्षक आणि विषय एकाच अकारविल्हे रांगेत असत. क्रेरारने दशांश वर्गीकरणाच्या, म्हणजे प्रत्येक विषयाला आकडा देणाऱ्या पद्धतीच्या, क्रमाने लावलेली विषयतालिका ठेवली. रंगांच्या रसायनावर काम करणारा माणूस एक खण ओढायचा आणि आपल्या विषयाच्या मागचे-पुढचे विषयही त्याच खणात ओळीने बघायचा. त्याने न मागितलेलं, पण उपयोगी असलेलं पुस्तक त्याच्या बोटाखाली यायचं. ही तालिका इतकी नावाजली की १९६७ मध्ये तिच्या कार्डांचे फोटो घेऊन ती खंडाखंडांनी छापली गेली आणि दूरच्या ग्रंथालयांनी ती विकत घेतली.

स्वतःची इमारत १९२१ मध्ये झाली. मिशिगन अ‍ॅव्हेन्यू आणि रँडॉल्फ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या समोर. कारखान्यातला रसायनतज्ज्ञ, पेटंटचा वकील, इस्पितळातला डॉक्टर, रात्रीच्या वर्गाचा विद्यार्थी, कुणीही यावं, चिठ्ठी द्यावी, खंड टेबलावर येणार. घरी न्यायचा नाही, पैसे द्यायचे नाहीत, कोण आहात हे सांगायचं नाही. शिकागोचे मांस कारखाने, पोलाद, रेल्वे, औषध कंपन्या यांचं स्वतःचं संशोधन ग्रंथालय असो वा नसो, क्रेरार होतंच.

हिशेब कुठे चुकला

दुसऱ्या महायुद्धानंतर विज्ञानाचं लेखन इतक्या वेगाने वाढलं की कायम निधीचं व्याज त्याला पुरेना. मुद्दलावर व्याज येतं ते साधारण महागाईच्या मागेपुढे. नियतकालिकांचा खर्च मात्र दोन्ही बाजूंनी वाढतो. एकेका अंकाची वर्गणी वाढते, आणि दरवर्षी नवी नियतकालिकं निघतात ती वेगळीच. कादंबऱ्यांचं ग्रंथालय यंदा कमी पुस्तकं घेऊन भागवू शकतं. विज्ञानाच्या ग्रंथालयाने एक वर्गणी बंद केली की संचाला भोक पडतं, आणि मग मागच्या साठ वर्षांच्या खर्चाचंही मोल उतरतं. क्रेरार यांनी ‘सर्वकाळ’ पुरेल एवढा निधी राखा म्हटलं होतं. पण निधी सर्वकाळ पुरण्यासाठी खर्चही बऱ्यापैकी स्थिर लागतो, आणि संचालकांनी निवडलेला विषय नेमका तसा नव्हता. १८९५ मध्ये हे कुणाला दिसलं असतं असं मी म्हणणार नाही.

मंडळी हातावर हात ठेवून बसली नाहीत. सामाजिक शास्त्रं सोडून देऊन विषयाची व्याप्ती आवळली. १९४७ मध्ये कंपन्यांसाठी पैसे घेऊन शोध घेणारी सेवा काढली: तुम्ही प्रश्न द्या, आमचे लोक वाङ्मय चाळून अहवाल देतील. वाचनकक्ष फुकटच राहिला, माणसाच्या वेळेचे पैसे. ही रेघ मला फार महत्त्वाची वाटते. पुस्तक सगळ्यांचं, पण आमच्या कर्मचाऱ्याने तुमच्या कारखान्यासाठी दोन दिवस घालवले तर बिल तुम्हाला. १९५३ पासून विज्ञानविषयक भाषांतरांचं एक सामाईक भांडारही क्रेरारमध्ये आलं. रशियन किंवा जर्मन लेखाचं भाषांतर एका कंपनीने करून घेतलं असेल तर त्याची प्रत इथे जमा व्हायची, म्हणजे दुसऱ्याने पुन्हा खर्च करायला नको. पुढे त्याचं राष्ट्रीय भाषांतर केंद्र झालं. आज भाषांतर यंत्राने सेकंदात होतं, म्हणून त्या काळी एका लेखाला किती माणूस-दिवस लागत याचा विसर पडतो.

१९६२

माझ्या मते खरा वळणबिंदू विद्यापीठाच्या इमारतीत जाण्याचं १९८४ नाही, १९६२ आहे. त्या वर्षी क्रेरारने मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरचं घर सोडलं आणि तेहतिसाव्या रस्त्यावर इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या आवारात नव्या इमारतीत मुक्काम हलवला. संस्थेच्या विद्यार्थ्यांना ग्रंथालय मिळालं, क्रेरारला जागा आणि कराराचे पैसे मिळाले. कागदावर दोघांचाही फायदा. पण शहराच्या मधोमध असलेलं, ट्रेनमधून उतरून चालत जाता येणारं ग्रंथालय आता एका तंत्रशिक्षण संस्थेच्या आवारात गेलं. कायद्याने ते स्वतंत्र होतं. येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत ते ‘त्या कॉलेजचं ग्रंथालय’ झालं. सार्वजनिक ग्रंथालयाला पत्ता हेही निधीइतकंच भांडवल असतं, आणि तो एकदा विकला की परत मिळत नाही. त्या जागेची किंमत त्या वेळी ताळेबंदात कितीही दिसली असेल, पण वाचकाची सवय ताळेबंदात दिसत नाही.

वीसेक वर्षांनी पुन्हा तोच पेच आला: जागा अपुरी, पैसा अपुरा. आता पर्याय थोडे होते. एकट्याने नवी इमारत बांधणं झेपणारं नव्हतं. संग्रह विकून टाकणं मृत्युपत्राला धरून नव्हतं. उरला कुणा मोठ्या संस्थेचा हात धरणं.

करार, आणि एक न सोडलेली अट

शिकागो विद्यापीठाने आपलं विज्ञान वाङ्मय आणि क्रेरारचा संग्रह एका छताखाली आणणारी नवी इमारत बांधली. ह्यू स्टबिन्स यांच्या वास्तुसंस्थेच्या रचनेची ही इमारत १९८४ मध्ये उघडली. क्रेरारचं नाव इमारतीवर राहिलं. ग्रंथालय दक्षिण शिकागोतच राहिलं. रँडॉल्फपासून तेहतिसाव्या रस्त्यापर्यंत आणि तिथून सत्तावन्नाव्यापर्यंत सरकत सरकत ते दक्षिणेला गेलं, म्हणजे क्रेरार यांची दिशेची इच्छा गरजेपेक्षा जास्तच पाळली गेली. क्रेरार फाउंडेशन या नावाने देणगीची ओळख वेगळी टिकली. विद्यार्थ्यांसाठी विज्ञानलेखनाची स्पर्धा तिच्या नावाने घेतली जाऊ लागली.

दोन ग्रंथालयं एकत्र करणं म्हणजे फक्त ट्रक भरणं नव्हे. क्रेरार दशांश पद्धतीने लावलेलं, विद्यापीठ लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या पद्धतीने. एकाच नियतकालिकाचे दोन संच, त्यांत एकाकडे सुरुवातीचे खंड, दुसऱ्याकडे मधले. कोणता ठेवायचा, कोणता देऊन टाकायचा, हे प्रत्येक फळीवर ठरवावं लागतं.

पण सगळ्यांत मोलाची अट एकच: जनतेसाठी मोफत प्रवेश. शिकागो विद्यापीठ खासगी आहे. त्याच्या बाकीच्या ग्रंथालयांत रस्त्यावरून कुणीही शिरू शकत नाही. क्रेरार मात्र विलीन होऊनही लोकांना उघडं राहिलं, कारण पैसाच त्या अटीवर आला होता. विद्यापीठाला संग्रह हवा होता तर संग्रहाबरोबर लोकही घ्यावे लागणार होते.

आपल्याकडे असं प्रकरण उभं राहिलं तर ते धर्मादाय आयुक्तांकडे जातं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा. मूळ हेतू जसाच्या तसा पाळणं अशक्य झालं तर त्याच्या जवळात जवळच्या हेतूसाठी निधी वापरण्याची वाट त्यातही आहे. पण ‘जवळात जवळचं’ काय हे ठरवताना मूळ दस्तात काय लिहिलंय हाच आधार. ‘अमुक गावाच्या वाचनालयाच्या इमारतीसाठी’ एवढंच लिहिलं असेल तर इमारत पडल्यावर हातात काही राहत नाही. ‘गावातल्या कुणालाही विनामूल्य वाचता यावं म्हणून’ असं लिहिलं असेल तर इमारत, संस्था, माध्यम सगळं बदललं तरी ते वाक्य बोलतं.

कॅन्सस सिटीचा दाखला

तुलनेसाठी एक सख्खं भावंड. कॅन्सस सिटीचे धान्य व्यापारी हर्बर्ट हॉल १९४१ मध्ये वारले आणि सुमारे ६० लाख डॉलर मोफत सार्वजनिक ग्रंथालयासाठी ठेवून गेले. पत्नी लिंडा आधीच गेली होती. ग्रंथालयाला तिचंच नाव. इथेही विषय लिहिलेला नव्हता, इथेही विश्वस्तांनी पाहणी करून विज्ञान-तंत्रज्ञान निवडलं. १९४६ मध्ये लिंडा हॉल ग्रंथालय हॉल यांच्याच बंगल्यात उघडलं. सुरुवातीलाच बॉस्टनच्या अमेरिकन अकॅडमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेसचा ६२ हजारांहून जास्त खंडांचा संग्रह एकरकमी विकत घेतला. एका फटक्यात दीडशे वर्षांचे नियतकालिकांचे संच. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या अभियंता संघटनांचं ग्रंथालयही इथेच आलं.

लिंडा हॉल आजही स्वतंत्र आहे, स्वतःच्या जागेवर आहे. शहाणपण जास्त होतं म्हणून? मला तसं वाटत नाही. स्वतःची प्रशस्त जमीन होती, आणि ती शहराच्या गजबजाटात सोन्याच्या भावाची नव्हती म्हणून विकायचा मोह झाला नाही. पन्नास वर्षं उशिरा सुरू झालं, त्यामुळे जुने संच जमवण्याचा खर्च ज्यांनी सोसला त्यांचे संग्रह ते विकत घेऊ शकलं. बाकीच्यांना परवडेना म्हणून जे सुटलं ते यांनी उचललं.

आता

२०१८ च्या सुमारास क्रेरारच्या इमारतीचं नूतनीकरण झालं आणि तिथे विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग आला. बरेचसे खंड विद्यापीठाच्याच मन्सुएटो ग्रंथालयाच्या तळघरात गेले. तिथे यंत्राचे हात पुस्तकांचं खोकं उचलून वर पाठवतात. फळ्यांमधून हिंडत शेजारचं पुस्तक सापडण्याची अँड्र्यूज यांच्या तालिकेतली युक्ती त्या खोक्यांत चालत नाही, कारण तिथे पुस्तकं आकाराने लावलेली असतात, विषयाने नव्हे.

आणि जनतेचा प्रवेश? तो आहे. पण नवं विज्ञान कागदावर कुठे येतं? ते प्रकाशकाच्या सर्व्हरवर असतं, आणि ग्रंथालय ते विकत घेत नाही, परवान्यावर घेतं. त्या परवान्यांत बहुधा एक कलम असतं: प्रत्यक्ष इमारतीत आलेल्या बाहेरच्या वाचकाला ग्रंथालयाच्या संगणकावर वाचता येईल. विद्यापीठाचा विद्यार्थी तोच लेख घरी बसून उघडतो. शहरातला माणूस बस पकडून ओळखपत्र घेऊन येतो. मृत्युपत्रात मोफत लिहिलं होतं, सार्वजनिक लिहिलं होतं, आगीपासून सुरक्षितही लिहिलं होतं. घरबसल्या हा शब्द १८८९ मध्ये लिहायचं कुणाच्याही डोक्यात येणं शक्य नव्हतं. इमारतीत आलेल्या बाहेरच्या वाचकाला वाचू देणारं ते कलम परवान्यात राहावं म्हणून आता ग्रंथपालाला दर नूतनीकरणाच्या वेळी प्रकाशकाशी घासाघीस करावी लागते.